दादरची 'गावासाठी कार्यक्रम कसा आखावा' कार्यशाळा : पैसे वसूल, पण अर्धे

आमचा ग्रुप पालघरच्या एका पाड्यावर शाळेतल्या मुलांसाठी शेतीचं काहीतरी करायचं म्हणून बरेच दिवस नुसताच फिरतोय, म्हणून ही शनिवार-रविवारची कार्यशाळा लावली. संस्थेचं नाव मुद्दाम टाकत नाही कारण खाली थोडी बोंब पण मारणार आहे. फी अडीच हजार, जेवण धरून. जेवण एक नंबर, मटकीची उसळ तर दोनदा घेतली. हॉलचा एसी मात्र असा की बायका पदर लपेटून बसल्या होत्या.

पहिली सकाळ सगळी अमेरिकेची. तिथे जवळजवळ प्रत्येक काउंटीत (म्हणजे साधारण आपला जिल्हा समजा) शेतकऱ्यांना शिकवायला, सल्ला द्यायला विद्यापीठाचा माणूस असतो, १९१४ च्या कायद्यापासून केंद्र, राज्य आणि काउंटी मिळून त्याचा खर्च उचलतात, आणि मुलांचं काम फोर-एच नावाने चालतं. म्हणजे पोरगं एक प्रोजेक्ट घेतं, कोंबड्या म्हणा, वासरू म्हणा, भाजीचा वाफा म्हणा, वर्षभर खर्चाची नि कामाची वही ठेवतं आणि शेवटी जत्रेत मांडतं. वहीची आयडिया मला जाम आवडली. अंड्याला खर्च किती आला हे पोराने स्वतः मांडलं की गणित वेगळं शिकवायला नको. पण मॅडम स्लाइडवर स्लाइड टाकत होत्या आणि आपल्याकडे तो पगारी माणूस कोण, हे कोणी बोलेचना. शेवटी मागून एका काकांनी विचारलं तेव्हा कृषी विज्ञान केंद्राचं (केव्हीके, म्हणजे शेतकऱ्यांना शिकवणारं जिल्ह्याचं केंद्र) नाव निघालं. अहो, देशातलं पहिलं केव्हीके १९७४ ला पुद्दुचेरीत निघालं, आपल्या डहाणूत कोसबाडला पण आहे, ग्रामीण तरुणांना ट्रेनिंग देणं हे त्यांच्या कामातच येतं, मग सुरुवात तिथूनच करायची ना! शाळकरी पोरांसाठी त्यांच्याकडे गावोगाव माणूस नसतो हे खरं, पण रोपं, बियाणं, शिकवायला तज्ज्ञ हे मागता येतं की.

दुपारचं सेशन मात्र सोनं. भिंतीवर बारा महिन्यांचा कागद लावला आणि त्यावर तीन रंगांनी भरायला सांगितलं, शेतीचं काम, शाळा, आणि गावात माणसं असतात कधी. विक्रमगडकडच्या एक ताई उठल्या आणि त्यांनी दिवाळीनंतरपासून मेपर्यंत सरळ लाल पट्टा मारला, म्हणाल्या भात झोडून झालं की लोकं वीटभट्टीवर जातात, भिवंडीकडे, वसईकडे, पोरं पण बरोबर. हॉल गप्प. कारण आमच्यासकट निम्म्या ग्रुपांनी कार्यक्रम जानेवारी-फेब्रुवारीत टाकला होता, हवा छान असते ना! मग उरतं काय, तर जून ते दिवाळी, त्यातून जुलैची आवणी (भातलावणी) वजा, गणपती वजा. पण तेवढ्यातही बसवता येतं, आंब्याचं कोय कलम (कोयीतून उगवलेल्या कोवळ्या रोपावर बांधायचं) पावसाळ्यातच बांधतात, परसबागेत भेंडी-काकडी-दोडका तेव्हाच लागतो. त्याच ताईंनी पुढे सांगितलं की ज्यांच्याकडे मोगरा आहे ती घरं उन्हाळ्यात पण थांबतात, कळ्या खुडून थेट इथे दादरच्या फूलमार्केटला पाठवतात, म्हणजे तुमचं उन्हाळी शिबिर त्या घरांजवळ घ्या. मला विचाराल तर फीचे निम्मे पैसे त्या ताईंना द्यायला हवे होते.

रविवारी 'रिझल्ट कसा मोजायचा'. हे पण चांगलं घेतलं. पंचवीस पोरांना गांडूळखत दाखवलं हा रिझल्ट नाही, पुढच्या वर्षी किती घरांत खड्डा चालू आहे तो रिझल्ट. देणगीदारांना पाठवायच्या फोटोंबद्दल सर जे खवचट बोलले ते इथे लिहीत नाही.

आता बोंब. परवानगीवर एक अक्षर नाही. सरकारी आश्रमशाळेत शिरायचं तर आदिवासी विकासच्या प्रकल्प कार्यालयाचं पत्र लागतं, डहाणूला आहे, जव्हारला आहे. झेडपीच्या शाळेसाठी गटशिक्षणाधिकारी. आमच्यासारख्या शनिवारी लोकल पकडून जाणाऱ्यांची गाडी नेमकी तिथेच अडते. पालकांची संमती, मुलींच्या ग्रुपबरोबर बाई हवी, पोराला कोयता लागला तर दवाखाना कुठला, काहीच नाही. बजेटच्या सेशनमध्ये तर जेसीबी आणि शेडनेटचे आकडे, आमच्या खिशात स्टेशनपासून पाड्यापर्यंतच्या टमटमचं भाडं! आणि नोट्स सगळ्या इंग्लिशमध्ये, समोर निम्मे लोक मराठी माध्यमाचे शिक्षक असताना. सर्टिफिकेट मात्र सोनेरी बॉर्डरचं.

पाच पैकी साडेतीन. गाव ठरलेलं असेल तर बिनधास्त जा, आणि जमलं तर गावातलं एक माणूस बरोबर न्या, त्या भिंतीवरच्या कागदासाठी. 'समाजासाठी काहीतरी करायचंय' एवढंच डोक्यात असेल तर आधी एखादा पाडा बघून या, अडीच हजार वाचतील. मराठी नोट्स मिळणार का ते पैसे भरायच्या आधी फोनवर विचारा, आम्हाला 'मेल करू' म्हणाले होते, मेल अजून यायचाय. आणि परतीला डहाणू लोकल धरायची असेल तर शेवटचं आभारप्रदर्शन सोडून सटका, ते संपत नाही.