सेलरने खोटा शेरा मारलाय: बोलायचं, उत्तर द्यायचं, तक्रार करायची की सोडून द्यायचं?

मी संस्थानी नाणी जमवतो, त्यातली बरीचशी परदेशातल्या ऑनलाइन लिलावातून घेतो. मागे एकदा होळकरांचं तांब्याचं नाणं जिंकलं, लगेच पैसे भरायला बसलो तर कार्ड चालेना. झालं असं होतं की कार्ड नवीन आलेलं आणि 2020 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे नवीन कार्डावर परदेशी व्यवहार आधीपासून बंदच असतात, बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन आपणच चालू करायचे असतात, हे मला माहीतच नव्हतं. तिसऱ्या दिवशी पैसे गेले, मधे मी सेलरला कळवलंही होतं, त्याने पैसे घेतले, नाणं पाठवलं, आणि नंतर माझ्या नावापुढे लिहून ठेवलं की हा माणूस पैसे बुडवायला बघतो. आठ चांगल्या शेऱ्यांखाली हा नववा. खरं सांगतो, दोन रात्री झोप नीट लागली नाही, कारण आयुष्यात कुणाचा रुपया ठेवलेला नाही.

त्यानंतर जे जे रस्ते असतात ते मी आणि आमच्या नाणीवाल्या ग्रुपमधल्या बऱ्याच जणांनी करून बघितलेत. तुम्ही आत्ता अशा शेऱ्याकडे बघत बसला असाल तर ठरवायला उपयोग होईल.

पण सगळ्यात आधी साइट कुठली ते बघा, कारण अर्धा निर्णय तिथेच होतो.

ईबे या अमेरिकन लिलाव साइटवर 1996 मध्ये फीडबॅक, म्हणजे व्यवहारानंतर एकमेकांना शेरे द्यायची सोय, सुरू झाला तेव्हा दोन्ही बाजू एकमेकांना चांगलं-वाईट देऊ शकायच्या. त्यातून बदल्याचा प्रकार वाढला, म्हणजे बायरने खरं लिहिलं की सेलर उलटा निगेटिव्ह ठोकायचा, मग बायर घाबरून गप्प बसायला लागले. शेवटी 2008 च्या मे महिन्यात ईबेने सेलरकडून ती सोयच काढून घेतली, तेव्हापासून सेलर बायरला फक्त पॉझिटिव्ह देऊ शकतो. त्यामुळे आता तिथे अन्याय होतो तो दोन प्रकारे. एक, शेरा पॉझिटिव्ह देऊन त्याच्या मजकुरात विष कालवायचं. हे थेट नियमाविरुद्ध आहे, तक्रार करा, निघतं. दुसरा, तुम्ही पैसे दिले नाहीत अशी नोंद करून व्यवहार रद्द करायचा. ही नोंद लोकांना दिसत नाही पण वाढली की इतर सेलरांच्या फिल्टरमध्ये तुम्ही अडकता, बोलीच लावता येत नाही. त्यावर अपील करता येतं, ते कराच, आळस करू नका.

न्यूझीलंडची ट्रेड मी, किंवा तिकिटं-नाणी-पोस्टकार्डांची बेल्जियमची डेलकाम्प, इथे सेलरही बायरला वाईट शेरा देऊ शकतो. जपानच्या याहू लिलावात तर तुमच्या चुकीने व्यवहार रद्द झाला असं सेलरने नोंदवलं की सगळ्यात खालचा शेरा आपोआप पडतो. (आपल्यातले बरेच जण तिथून मध्यस्थ कंपनीमार्फत घेतात, तेव्हा तो शेरा कंपनीच्या खात्यावर पडतो, तुमच्या नाही.) खरी डोकेदुखी या दोन्ही बाजूंच्या साइटवर आहे, म्हणून पुढचं मुख्यतः त्यांच्यासाठी.

सेलरशी बोलणं. हा रस्ता सगळ्यात जास्त जिवावर येतो, कारण ज्याने आपल्याला चोर म्हटलं त्याच्याशीच गोड बोलायचं. पण शेरा पूर्ण पुसला जाण्याची शक्यता इथेच सगळ्यात जास्त. गैरसमज असेल, पैसे उशिरा दिसले, पार्सल वाटेत अडकलं, भाषेचा घोळ झाला, तर नक्की याच रस्त्याने जा. मेसेज साइटच्या आतूनच करा, ईमेल किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर नको, कारण उद्या तक्रार केली तर साइटवाल्यांना फक्त आतलं बोलणं दिसतं. चार ओळी पुरतात: कुठल्या तारखेला जिंकलं, कधी कळवलं, कधी पैसे गेले, आणि शेरा बदलाल का अशी सरळ विनंती. मात्र सेलरने रागाने, तुम्ही तक्रार केलीत म्हणून मुद्दाम लिहिलं असेल तर एकदाच विचारा आणि थांबा. आणि "तू तुझा काढ, मी माझा काढतो" असला सौदा तुमच्याकडून सुरू करू नका. फीडबॅकची धमकी देऊन काही मिळवणं ईबेवर सरळ नियमभंग आहे, आणि बाकी ठिकाणीही असं लिहिलेलं सापडलं तर दोषी तुम्हीच दिसता.

जाहीर उत्तर. बोलून झालं नाही की हे. लोक इथे सगळ्यात जास्त चुका करतात, मी पण पहिला मसुदा लिहिला होता तो आठ ओळींचा आणि नुसता संताप होता, बायकोने वाचला आणि म्हणाली, हे वाचून मला पण वाटतंय की तू पैसे बुडवले असशील. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की हे उत्तर त्या सेलरसाठी नसतंच, ते पुढच्या सेलरसाठी असतं, जो तुमची बोली ठेवायची का काढायची हे दहा सेकंदात ठरवणारे. त्याला तारखा पाहिजेत, आवाज नको. आणि एकदा टाकलेलं उत्तर मनासारखं बदलता येईलच असं धरून चालू नका, म्हणून एक रात्र जाऊ द्या मगच टाका.

साइटकडे तक्रार. लोकांना वाटतं साइट म्हणजे न्यायाधीश, पुरावे दिले की निकाल लागेल. तसं नसतं. खरं कोण बोलतंय यात साइट सहसा पडतच नाही, नियम मोडलाय का एवढंच बघते. शिवीगाळ, तुमचं खरं नाव-पत्ता-फोन टाकणं, धमकी, असं काही असेल तर तक्रार हाच पहिला आणि लवकरचा रस्ता, बोलण्यात वेळ घालवू नका. पण "उशिरा पैसे दिले" किंवा "व्यवहार करायला त्रासदायक" असल्या वाक्यावर तक्रार करून बहुतेक वेळा हाती काही लागत नाही, साइट म्हणते हे त्याचं मत.

सोडून देणं. हा पर्याय लोक पळपुटेपणा समजतात, मला तसं वाटत नाही, इथे साधं गणित आहे. आठ चांगले आणि एक वाईट म्हणजे जवळपास 89 टक्के, कुणीही बिचकेल. तेच चाळीस चांगले आणि एक वाईट म्हणजे साडेसत्त्याण्णवच्या वर. म्हणजे तुमचं खातं जुनं असेल तर गप्प बसून चार व्यवहार जास्त करा, नवीन असेल तर उत्तर दिल्याशिवाय राहू नका. वाईट शेरा इतका डोळ्यात भरतो कारण तो दुर्मिळ असतो. रेझ्निक आणि झेकहाउझर या दोन अमेरिकन अभ्यासकांनी ईबेचे 1999 चे व्यवहार तपासले तेव्हा बायरांनी दिलेले 99 टक्क्यांहून जास्त शेरे चांगलेच निघाले होते.

कोर्ट, वकिलाची नोटीस वगैरे. परदेशी सेलरवर हजार-दोन हजाराच्या नाण्यासाठी? नको. 2013 मध्ये अमेरिकेत उलटी केस झाली होती, दीड डॉलरच्या आतल्या टपालखर्चाबद्दल खरं लिहिणाऱ्या बाईवर सेलर कंपनीने दावा लावला, बोभाटा झाला आणि कंपनीलाच दावा मागे घ्यावा लागला.

अजून एक, माल खराब आलाय आणि शेराही पडलाय अशी दुहेरी अडचण असेल तर आधी पैसे परत मिळवायचं बघा. ईबेवर पैसे परत मिळण्याची जी गॅरंटी असते तिच्यासाठी साधारण डिलिव्हरीपासून 30 दिवसच असतात, शेऱ्याच्या भांडणात ते निघून जातात आणि मग हात चोळत बसावं लागतं.

माझ्या केसमध्ये मी एकदा मेसेज केला, दहा दिवस थांबलो, उत्तर आलं नाही. मग दोन ओळी टाकल्या: "कार्डाच्या अडचणीमुळे पैसे तिसऱ्या दिवशी भरले, पहिल्याच दिवशी तसं कळवलं होतं. नाणं वर्णनाप्रमाणे आलं, धन्यवाद." तो शेरा अजून तिथेच आहे, खाली माझ्या दोन ओळी, आणि वर आता सदतीस चांगले.