पिकअपचा मागचा एक्सल : दुरुस्ती, अदलाबदल की मोठी गाडी?

कळंबोलीच्या लोखंड बाजारातून किंवा तुर्भ्याच्या बाजार समितीतून माल उचलणाऱ्या पिकअपचा मागचा एक्सल वारंवार काम काढू लागला, की मालकापुढे तीन पर्याय उरतात : आहे तोच एक्सल पूर्ण खोलून नीट करणे, मोठ्या गाडीचा जड एक्सल आणून बसवणे, किंवा गाडीच बदलणे. कोणताही खर्च करण्यापूर्वी नेहमीचा माल भरून गाडी वजनकाट्यावर न्यावी आणि एकदा पूर्ण गाडीचे, एकदा फक्त मागच्या चाकांचे वजन करून घ्यावे. मालवाहू गाडीच्या नोंदणीत एक्सलनिहाय वजन दिलेले असते. आपला आकडा त्याच्या आत आहे की बाहेर, यावर पुढचा सगळा विचार अवलंबून आहे.

जड एक्सलचा मोह समजण्यासारखा आहे. सेमी-फ्लोटिंग रचनेत शाफ्टला चाक फिरवावेही लागते आणि गाडीचा भारही पेलावा लागतो; फुल-फ्लोटिंग रचनेत हब (चाक ज्यावर बसते तो भाग) हौसिंगवरच्या, म्हणजे एक्सलच्या बाहेरच्या कवचावरच्या, बेअरिंगांवर फिरतो, भार हौसिंग पेलते आणि शाफ्टकडे फक्त पीळ उरतो, त्यामुळे शाफ्ट तुटला तरी चाक जागेवर राहते. अमेरिकेतले हौशी लोक पिकअपखाली डाना कंपनीचा फुल-फ्लोटिंग ‘डाना ६०’ हा जड एक्सल बसवतात ते यासाठीच.

मात्र जुना एक्सल उतरवून नवा चढवला, की काम संपत नाही. स्प्रिंगच्या पाट्यांमधले अंतर, चाकाच्या बोल्टांचे वर्तुळ, इंजिनाकडून एक्सलकडे येणाऱ्या प्रोपेलर शाफ्टची लांबी आणि पिनियनचा (तो शाफ्ट एक्सलमधले जे लहान दातेरी चाक फिरवतो त्याचा) कोन हे सगळे जुळवावे लागते; कोन चुकला तर गाडी थरथरते आणि प्रोपेलर शाफ्टच्या सांध्यातले क्रॉस लवकर जातात. समजा, मूळ गुणोत्तर (चाकाच्या एका फेऱ्यामागे प्रोपेलर शाफ्टचे फेरे) ४.१ आहे आणि आणलेला एक्सल ४.८७५ चा निघाला, तर तेवढ्याच वेगाला इंजिनाचे फेरे सुमारे १९ टक्क्यांनी वाढतात. गायमुखच्या चढावर ओढ बरी वाटेल, पण शीव-पनवेल महामार्गावर डिझेल जास्त लागेल. मला सर्वांत काळजी वाटते ती ब्रेकची. चाकांजवळच्या मोठ्या व्हील सिलिंडरांना पुरेल इतके ब्रेकचे तेल पेडलजवळचा मूळ मास्टर सिलिंडर ढकलू शकेलच असे नाही, आणि भार पाहून मागचा ब्रेक कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह मूळ एक्सलच्या हिशेबानेच बसवलेला असतो. हा मेळ बिघडला, तर रिकामी गाडी पावसात मागून घसरू शकते.

एवढे करूनही कायदेशीर भारक्षमता एका किलोनेही वाढत नाही, कारण चासी, पाटे, टायर आणि क्लच तेच राहतात. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होतील असा फेरबदल करता येत नाही, त्यामुळे ठाणे किंवा नवी मुंबईच्या आरटीओत पासिंगच्या वेळी अडचण येऊ शकते. जादा भाराला २०१९ च्या दुरुस्तीनुसार २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड आहे.

वजन मर्यादेत असेल, तर मी दुरुस्तीच सुचवेन. पण आधी एक्सल का गेला ते शोधावे. आपल्याकडे याचे एक कारण पावसाळ्यात दडलेले असते : तापलेले हौसिंग तुंबलेल्या पाण्यात शिरून एकदम थंड झाले आणि ब्रीदर (हौसिंगचे हवा जाण्या-येण्याचे छिद्र) मातीने बुजलेला असला, तर सीलमधून पाणी आत ओढले जाते, तेल दुधाळ होते आणि बेअरिंग व दाते खराब होतात. क्राउन (पिनियनने फिरणारे मोठे दातेरी चाक) आणि पिनियन नेहमी जोडीनेच बदलावेत, बॅकलॅश (दोन्हींच्या दात्यांमधली सैल जागा) डायल गेजने मोजून घ्यावा, दात्यांना रंग लावून उमटलेला ठसा मिस्त्रींकडून स्वतः पाहून घ्यावा आणि तेल कंपनीने सांगितलेल्याच प्रतीचे भरावे. डायल गेज नसलेल्या गॅरेजात हे काम देऊ नये.

वजन सातत्याने मर्यादेबाहेर जात असेल, तर हप्ता जड वाटला तरी वरच्या वर्गातली गाडी घेणेच योग्य ठरते. एकूण वजन ७,५०० किलोच्या आत असेपर्यंत हलक्या मोटार वाहनाचा परवाना चालतो, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे, त्यामुळे चालक बदलण्याची गरज पडत नाही. ठाणे शहरात जड वाहनांच्या प्रवेशाला वेळेची बंधने असतात. निवडलेली गाडी त्यांत मोडते का, हे बुकिंगची रक्कम भरण्याआधी वाहतूक शाखेत विचारून घ्यावे.