फूट ड्रॉपसाठी स्टिम्युलेटर: पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंतचा अनुभव

पक्षाघातानंतर माझ्या डाव्या पायाचा चवडा उचलला जाईना. यालाच फूट ड्रॉप म्हणतात. बोटं जमिनीला घासू नयेत म्हणून पाय कमरेतून बाहेरच्या बाजूने फिरवत चालायचो. आधी एएफओ, म्हणजे घोटा आणि पाऊल धरून ठेवणारा प्लास्टिकचा स्प्लिंट वापरला. गेल्या पावसाळ्यापासून स्टिम्युलेटर वापरतोय.

हा गुडघ्याखाली बांधायचा पट्टा, आत जेलचे दोन पॅड. गुडघ्याच्या जरा खाली, बाहेरच्या अंगाला गोल हाड हाताला लागतं. त्याला वळसा घालून पेरोनियल नस जाते आणि तिथे ती कातडीच्या अगदी जवळ असते. पाऊल उचलायच्या क्षणी यंत्र तिला विजेचे बारीक झटके देतं आणि चवडा वर येतो. कल्पना जुनीच. डॉक्टर लिबर्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1961 मध्ये बुटात टाचेखाली स्विच ठेवून हे करून दाखवलं. माझ्या यंत्रात स्विचऐवजी नडगीचा कल ओळखणारा सेन्सर आहे आणि मी ते घेतलं ते यासाठीच. आपण घरात अनवाणी वावरतो, देवळात चपला काढतो. नुसता स्प्लिंट फरशीवर घसरायचा. आता उंबरठा ओलांडताना खाली बघावं लागत नाही, याचा आनंद मला अजूनही रोज होतो.

पॅडची जागा मात्र चुकून चालत नाही. बोटभर मागे सरकला की पाऊल वर येण्याऐवजी बाहेर वळतं. फिजिओ मॅडमनी मार्करने खुणा करून दिल्या होत्या, आता हाताला सवय झाली. पायाला खोबरेल तेल लावलं असेल तर पॅड चिकटतच नाही. उन्हाळ्यात घामाने लाल चट्टे उठतात, म्हणून दुपारी पट्टा काढून ठेवतो. काढला की पाऊल पुन्हा लटकतं. अंघोळीला आणि रात्री उठताना काठी लागतेच.

चालण्याचा वेग स्प्लिंटपेक्षा वाढेल अशी आशा धरू नका. अमेरिकेत 197 पक्षाघातग्रस्तांवर झालेल्या, 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन्हींनी वेग सारखाच सुधारला. पसंती मात्र स्टिम्युलेटरला जास्त मिळाली. मलाही तसंच वाटतं. घोटा मोकळा राहतो, त्यामुळे जिना चढणं आणि खुर्चीतून उठणं सोपं जातं.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. मणक्यापासून स्नायूपर्यंतची नस शाबूत असेल तरच हे चालतं. पक्षाघात, मल्टिपल स्क्लेरोसिस (मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार) यांत ती बहुधा शाबूत असते. पोलिओत, कुष्ठरोगाने किंवा अपघाताने नस निकामी झाली असेल तर नाही. माझ्या परिचयातल्या, लहानपणी पोलिओ झालेल्या एका गृहस्थांना विक्रेत्याने फोनवरच 'नक्की फरक पडेल' असं सांगितलं होतं. हे फार वाईट आहे. फिजिओकडे पॅड लावून चवडा उचलतो का ते डोळ्यांनी बघा, मगच पैसे द्या. पेसमेकर असेल किंवा फिट येत असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि जेलचे पॅड वरचेवर बदलावे लागतात. ते तुमच्या गावात मिळतात का, ही चौकशी यंत्र घेण्याआधीच करा.