हातमोजे बायकांच्या हाताचे नाहीत ओ! बागेसाठी सोलापुरातनं घेतलेलं सेफ्टी सामान

5 पैकी 3 स्टार. त्यातले 2 गॉगलचे, 1 दुकानदार खरं बोलतो त्याचा. हातमोज्याला शून्य.

सांगोल्याकडं 45 एकर डाळिंबाच्या बागेवर सुपरवायझर आहे मी, मृग बहाराची (पावसाळ्याच्या तोंडावर धरायच्या फुलोऱ्याची) छाटणी मे महिन्यात लागली की रोज 20-22 बायका आन 5-6 गडी कामावर असतात. डाळिंबाचा काटा ज्यानं खाल्लाय त्याला सांगायला नको, बोटाच्या सांध्यात घुसून टोक आत मोडलं की रात्रीत बोट टम्म फुगतं, मग बायका दुपारच्या सुट्टीत सुईनं टोकरत बसतात. मागल्या साली एका मावशीनं छाटलेली फांदी ओढली, ती उसळून काटा डोळ्यात. मावशी म्हणाल्या जरा चुरचुरतंय, आन अर्धा रोज बुडंल म्हणून संध्याकाळपर्यंत तशाच छाटत राहिल्या. डोळा वाचला पण फूल पडलं, आता त्या बाजूनं सगळं धुरकट दिसतं म्हणतात.

तवापासनं मालकाच्या मागं लागलो होतो. मालक म्हणायचे, "घालत नाहीत ओ त्या, पैसे पाण्यात." तरी दिले पैसे, ते खरं. मग सोलापुरातल्या एका होलसेल दुकानातनं (नाव टाकत नाही) लेदरचे हातमोजे 25 जोड, गॉगल तेवढेच आन फवारणीचे 4 किट आणले.

मोजे सगळे 10 नंबरचे. म्हणजे गड्याच्या पंजाचे. बायकांच्या हातात घातले की बोटाची टोकं रिकामी लोंबायलेत, सिकेटरची (छाटणीच्या कात्रीची) मूठ घसरायलीय, आन दुसऱ्याच दिवशी एकीच्या मोज्याचं रिकामं टोक पात्यात सापडलं, जरा इकडंतिकडं झालं असतं तर बोटच गेलं असतं. तिसऱ्या दिवशी सगळे मोजे ड्रीपच्या नळीवर वाळत टाकलेले आन बायका परत आपल्या जुन्या पायमोज्यावर, टोकं कापून हातात घातलेले, वर पोराचा फुल शर्ट. मालक म्हणले, "बघा, म्हणलं नव्हतं?" आता काय बोलावं. घालत नाहीत का घालता येत नाही, ह्यात फरक हाय की नाही?

गॉगल मात्र एक नंबर. मी प्लास्टिकचाच मागत होतो, दुकानदारानंच सांगितलं उन्हात घामानं धुकं धरंल, दहा मिनिटात कपाळावर चढवतील, तारेच्या जाळीचा न्या. 42 डिग्रीत बायकांनी दिवसभर घातला. पण फवारणीला हा चालत नाही, औषध जाळीतनं सरळ डोळ्यात जातंय.

फवारणीच्या किटमधला कार्ट्रिजवाला (हवा गाळायची डबी लावलेला) मास्क चांगलाय. लोकं तोंडाला टॉवेल गुंडाळतात, तो भिजला की औषधच नाकाला बांधून ठेवल्यासारखं झालं. 2017 ला यवतमाळला फवारणीतनं इतकी माणसं गेली तरी आपल्याकडं औषध किती विषारी ते सांगणारा डब्यावरचा त्रिकोण लाल हाय का पिवळा कोण बघत नाही. एप्रनमध्ये लै उकडतं, म्हणून आमी सकाळी 9 च्या आत उरकतो. पीटीओ शाफ्टचं (ट्रॅक्टरवरनं यंत्र फिरवणाऱ्या दांड्याचं) कव्हर पाहिजे होतं, ते दुकानात नाही. आमच्या फवारणीच्या ब्लोअरचं ग्रीसिंगला काढलेलं परत बसवलंच नव्हतं, शाफ्ट मिनिटाला 540 फेरे म्हणजे सेकंदाला 9, पदर सापडला तर ओरडायला पण वेळ मिळत नाही.

जाता जाता, गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेचे 2 लाख खातेदार शेतकऱ्याच्या घराला मिळतात, सातबारा नसलेल्या मजुराला नाही. म्हणून बायकांचा बँकेतनं वर्षाला 20 रुपयेवाला पंतप्रधान सुरक्षा विमा काढलाय, एक डोळा पूर्ण गेला तर 1 लाख. मावशीचा डोळा पूर्ण गेलेला नाही, आन तवा विमा पण नव्हता.

काल दुकानदाराला फोन केला. 7 नंबर येतो म्हणला, पण 50 जोडाची ऑर्डर लागंल, 10 नंबरचे वापरलेले परत घेणार नाही. आम्हाला 22 पुरतात. आजूबाजूच्या बागवाल्यांपैकी कुणाला 28 जोड पाहिजे असतील तर अमावस्येच्या आत सांगा, नंतर छाटणी संपंल.