पत्र्याखालचा पोटमाळा आणि ब्युटाइल टेप : पावसाळा व हिवाळा काढल्यानंतरचा अनुभव

३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर औसा तालुक्यातील अनेक घरांवरचे माळवद उतरले आणि पत्रे आले. आमच्या घरावरचे पत्रेही तेव्हाचेच. डोक्यावरचे मातीचे ओझे गेले, परंतु पोटमाळ्यावरची ज्वारीची पोती आणि गोधड्या पावसाळ्यात भिजू लागल्या. एप्रिल २०२५ मध्ये आम्ही पत्रे न बदलता सांध्यांवर अ‍ॅल्युमिनियमचा थर असलेली ब्युटाइल टेप, म्हणजे पाणी अडवणारी चिकट रबरी पट्टी, लावली आणि जुने हूक-बोल्ट काढून रबरी वायसरचे स्क्रू बसवले. त्यानंतर सप्टेंबरची अतिवृष्टी आणि हिवाळा पाहूनच हे लिहीत आहे.

चांगल्या पत्र्यातून पाणी येत नाही, ते भोकांतून आणि सांध्यांतून येते. आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी हात लावू न देणारा पत्रा पहाटेपर्यंत पार निवतो. तापमानात ४० अंशांचा फरक पडला की १२ फुटी पत्रा सुमारे पावणेदोन मिलिमीटरने लांबतो-आखडतो, आणि वर्षानुवर्षे असे होत राहिल्याने बोल्टची भोके रुंदावतात, डांबरी वायसर वाळून तडकतात. शिवाय जिथे ठिबकते तिथेच भोक असते असे नाही, कारण पाणी पत्र्याच्या पोटाने आणि आडव्या पाइपावरून ओघळत बरेच पुढे जाऊन पडते. भर दुपारी माळ्याचा झरोका झाकून वर पाहिले, तेव्हा उजेडाचे बारीक ठिपके स्पष्ट दिसले. त्यांना खडूने खुणा करून मगच काम सुरू केले.

टेपचे खरे यश पूर्वतयारीत आहे. तारेच्या ब्रशने गंज खरवडून, थिनरच्या फडक्याने पुसून, पूर्ण कोरड्या पत्र्यावर ती दाबून बसवली, तेथे संततधार पावसातही एक थेंब आला नाही. आढ्याजवळ मात्र गंज खोलवर गेला होता. तेथे टेपची कड पावसाळ्याअखेरीस उचलली गेली. गंजून जाळी झालेल्या पत्र्यावर टेप लावण्यात अर्थ नाही, तो पत्रा बदललाच पाहिजे. स्क्रू नालीच्या उंचवट्यावर मारावेत, खोलगट भागात नव्हे, आणि वायसर चेपून बाहेर येईल इतके आवळू नयेत. संपूर्ण छपरावर जलरोधक रंग देण्याचा सल्ला आम्हाला अनेकांनी दिला होता. हलणाऱ्या सांध्यावर नुसता रंग तडकतो, त्यामुळे तो खर्च आम्ही टाळला आणि ते योग्यच झाले.

डिसेंबरमध्ये पहाटे पोती पुन्हा ओलसर लागली, तेव्हा घरचे घाबरले. ती गळती नव्हती. घरातील दमट हवा माळ्यावर चढून गार पत्र्याला लागत होती आणि तिचे पाणी होऊन ठिबकत होते. त्यावर टेपचा काहीही उपयोग नाही. समोरासमोरच्या भिंतींत वळचणीखाली जाळीचे झरोके उघडले, पोती फळ्यांवर घेऊन भिंतीपासून वीतभर दूर सरकवली, आणि ओल पुष्कळ कमी झाली. आढ्याजवळचे दोन पत्रे आता पावसाळ्यापूर्वी बदलायचे आहेत. बाकीच्या सांध्यांवरची टेप अजून घट्ट आहे.