संत्राबागेवरून थेट चित्र: ५.८ गिगाहर्ट्झचा अ‍ॅनालॉग संच

वरुड भागातील संत्राबागांची वरून पाहणी करण्यासाठी लहान ड्रोनवर बसवलेला ५.८ गिगाहर्ट्झचा अ‍ॅनालॉग व्हिडिओ ट्रान्समीटर (कॅमेऱ्याचे चित्र रेडिओलहरींनी खाली पाठवणारे यंत्र) आणि ते चित्र पाहण्यासाठी डोळ्यांवर लावायचा त्याच्या जोडीचा गॉगल, हा संच किमतीच्या मानाने समाधानकारक आहे. मोकळ्या कपाशीवर चित्र स्वच्छ येते. मात्र ड्रोन दाट झाडांच्या आड उतरला, की ट्रान्समीटरच्या लहरी पानांतील ओलाव्यात शोषल्या जात असल्यामुळे पडद्यावर मुंग्या येऊ लागतात. तरीही चित्र हळूहळू बिघडत असल्याने मागे फिरायला सवड मिळते, जी डिजिटल संचात चित्र एकाएकी गोठल्यावर बहुधा मिळत नाही. डिजिटलचे चित्र कितीतरी सुस्पष्ट असते, हे मान्य. पण नुसत्या पाहणीसाठी तेवढा खर्च मला पटत नाही.

खरी अडचण उन्हाची. मे महिन्यात ड्रोन धुऱ्यावर उभा असताना पंख्यांचा वारा लागत नाही आणि ६०० मिलिवॉट प्रक्षेपणशक्तीवर ठेवलेला ट्रान्समीटर हात लावू नये इतका तापतो. म्हणून उड्डाणापर्यंत तो २५ मिलिवॉटवरच ठेवावा. अँटेना जोडल्याशिवाय बॅटरी लावल्यास ट्रान्समीटर जळू शकतो, ही सूचना सोबतच्या माहितीपत्रकात कुठेही नाही.