मिन्ना नो निहोंगो: क्रियापदांसाठी पुस्तक उत्तम, फक्त क्रम थोडा बदलून घ्या

मुंबईत जपानी शिकवणाऱ्या बऱ्याच वर्गांत हेच पाठ्यपुस्तक चालतं. दोन भाग, एकूण 50 धडे. मूळ पुस्तक संपूर्ण जपानीत आहे आणि व्याकरणाच्या टिपा वेगळ्या पुस्तकात, त्यामुळे जोडी घेतल्याशिवाय घरी अभ्यास होत नाही. किंग्ज सर्कलला जुनी प्रत मिळाली तर दुसरी, म्हणजे 2012-13 ची आवृत्ती आहे का ते पाहून घ्या. इथे फक्त क्रियापदांच्या रूपांबद्दल लिहितो आहे, कारण बहुतेकांची गाडी तिथेच अडते.

पुस्तक चौथ्या धड्यात 'मास' रूपाने, म्हणजे सभ्य बोलण्यातल्या रूपाने सुरुवात करतं. 'ते' रूप (आपल्या 'करून'सारखं जोडरूप) 14 व्या धड्यात, 'नाइ' (नकारार्थी) 17 व्या, शब्दकोशातलं रूप 18 व्या आणि 'ता' (भूतकाळी) 19 व्या. सभ्य बोलणं पहिल्यापासून तोंडात बसतं, हा या क्रमाचा मोठा फायदा. पण रूपं कशी बदलतात त्यावरून पडणारे क्रियापदांचे तीन गट 14 व्या धड्यापर्यंत समोर येतच नाहीत आणि तोवर डझनावारी क्रियापदं गटाविना पाठ झालेली असतात.

'मास'च्या आधी ए-कार असेल (ताबेमास, नेमास) तर गट दुसरा, डोळे झाकून. इ-कार असेल तर बहुधा पहिला. गोची या 'बहुधा'त आहे. काकिमास (लिहिणे) पहिल्या गटातलं, त्याचं काइते होतं. ओकिमास (उठणे) दिसायला तसंच, पण दुसऱ्या गटातलं, म्हणून ओकिते. चौथ्या धड्याच्या यादीत पहिलंच क्रियापद हे ओकिमास! मिमास, इमास, कारिमास (उसनं घेणे), आबिमास, ओरिमास, देकिमास हीसुद्धा तशीच. एवढी यादी वेगळी पाठ करावी.

म्हणून चौथ्या धड्यापासूनच वही घालावी: मास रूप, गट, शब्दकोशातलं रूप आणि पुढचे रकाने रिकामे. किमास (कपडे घालणे) आणि किरिमास (कापणे) या दोघांचंही शब्दकोशातलं रूप किरु, पण 'ते' रूप अनुक्रमे किते आणि कित्ते. फक्त शब्दकोशातलं रूप लिहून ठेवणाऱ्याची इथे हमखास चूक होते, म्हणून दोन्ही रूपं हवीत.

पहिल्या गटाला आपली बाराखडी कामी येते. का-कि-कु-के-को: काकानाइ, काकिमास, काकु, काकेबा (लिहिलं तर), काको (लिहूया). जपानी वर्णक्रमावर मुळात संस्कृत वर्णमालेच्या अभ्यासाचाच प्रभाव आहे, त्यामुळे हा तक्ता आपल्याला परका वाटत नाही. अपवाद थोडे: काइमासचं (विकत घेणे) कावानाइ होतं, काआनाइ नाही, आरिमासचं (असणे) नुसतं नाइ.

'ते' रूपाचे नियम पुस्तकात नेटके मांडलेत. पहिल्या गटात 'मास'च्या आधीच्या इ, चि, रि यांचं त्ते, मि, बि, नि यांचं न्दे, कि-गिचं इते-इदे, शिचं शिते. अपवाद एकच, इकिमासचं (जाणे) इत्ते. धड्यातला 'सराव ब' मोठ्याने, न थांबता करावा. पुस्तकाचा सगळ्यात भक्कम भाग तोच. मग उलटा, म्हणजे 'ते' रूपावरून मूळ क्रियापद ओळखण्याचा सरावही करा, तो पुस्तकात कमी पडतो: कात्ते ऐकल्यावर विकत घेणं की जिंकणं, हे श्रवणाच्या प्रश्नांत संदर्भावरून ओळखावं लागतं.

टिपांचं इंग्रजी मात्र आपल्याला उगीच लांबचा वळसा घालायला लावतं. दुसऱ्या भागातली 'ते' रूपाची जोडक्रियापदं मराठीतून सरळ कळतात. ताबेते मिरु म्हणजे खाऊन बघणे, शिते ओकु म्हणजे करून ठेवणे, योन्दे शिमाउ म्हणजे वाचून टाकणे. मिरु म्हणजे खरंच बघणे आणि ओकु म्हणजे ठेवणे. धडे 29, 30 आणि 40 वाचताना समासात मराठी वाक्यं लिहा, इंग्रजी टीप नंतर पाहा. एक सावधगिरी: शिमाउमध्ये 'होऊन बसलं, आता काय करणार' अशी हळहळही असते, ती 'टाकणे'त नेहमी येत नाही.

दुसऱ्या भागात शक्यार्थी रूप 27 व्या धड्यात आणि कर्मणी 37 व्या. दुसऱ्या गटात दोन्ही एकसारखीच, ताबेरारेरु. दहा धड्यांचं अंतर पडल्यामुळे हा गोंधळ उशिरा लक्षात येतो. 37 वा धडा सुरू करण्याआधी 27 वा उघडून दोन्हींची वाक्यं शेजारी-शेजारी लिहा: खाता येणाऱ्या पदार्थाला बहुधा 'गा' हा प्रत्यय लागतो, आणि कर्मणीत खाणाऱ्याला 'नि'.